चार मिनिटांची फिल्म आणि कपाटातला सूक्ष्मदर्शक

खडूफळा
परवा इथे 'उनाड केंद्रक' यांनी लिहिलं की दहावीचं पेशीविभाजन चार मिनिटांच्या फिल्ममध्ये उरकतं, तीन तासिका वाचतात, सूक्ष्मदर्शकांची कपाटं भंगारात काढा. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अहो, त्या वाचलेल्या तीन तासिका फिल्मने करून ठेवलेला घोळ निस्तरण्यात जातात. पडद्यावर विभाजनाच्या चारही अवस्था, पूर्वावस्था ते अंत्यावस्था, वीस सेकंदांत संपतात. खऱ्या पेशीला तासभर किंवा जास्त लागतो, आणि दोन विभाजनांमधला इंटरफेज त्याहून कितीतरी लांब. त्यामुळे कांद्याच्या मुळाच्या स्लाइडमध्ये बहुतेक पेशी नुसतं गोल केंद्रक घेऊन बसलेल्या असतात. फिल्म पाहून आलेलं पोर म्हणतं, "सर, स्लाइड बिघडली." बिघडलेली नसते हो! उलट तिथेच खरा धडा असतो: क्षेत्रात पन्नास पेशी मोजा, मध्यावस्थेतल्या, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत आलेल्या, किती? कमी दिसतात, कारण ती अवस्था लवकर उरकते. हे वीस सेकंदांच्या अ‍ॅनिमेशनमधून काढून दाखवा.

शिवाय पडद्यावर गुणसूत्रं चारच. कांद्याला 16, माणसाला 46. लाल-निळा रंगही आकृतीच्या सोयीचा, पण मुलांना तो खरा वाटतो. हृदयाच्या फिल्ममधल्या निळ्या रक्ताचं तेच. अशुद्ध रक्त गडद लाल असतं, निळं नाही.

उनाड केंद्रक
झालं भाषण? आता हिशोब. वर्गात 60 मुलं, धड चालणारे मायक्रोस्कोप 4, तासिका 35 मिनिटांची. म्हणजे एकेकाला जेमतेम सव्वादोन मिनिटं, त्यातच कोणीतरी फोकसचा स्क्रू फिरवून आच्छादन काच फोडणार. रंगद्रव्य म्हणून हातात काय, तर आयोडीन. त्यात गुणसूत्रं वेगळी दिसतच नाहीत, नुसता पिवळा चिखल. त्यापेक्षा पडद्यावर साठही जणांना पश्चावस्था, म्हणजे गुणसूत्रं फुटून दोन टोकांकडे ओढली जातात ती पायरी, दिसली तर बिघडलं कुठे?

काचपट्टी
चिखल दिसतो कारण कृती चुकते. चार दिवस पाण्यावर वाढवलेल्या कांद्याची मुळं सकाळी आठ-नऊच्या सुमारास कापा, दुपारी नाही. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल, यात 24 तास ठेवा. मग 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात 60 अंशांवर पाच-सात मिनिटं. कमी वेळ ठेवलंत तर पेशी एकमेकींना चिकटून राहतात, जास्त ठेवलंत तर टोकाचा लगदा होतो. धुऊन अ‍ॅसिटोकार्मिन, म्हणजे गुणसूत्रांवर चढणारं लाल रंगद्रव्य. आता मुख्य चूक: सगळे सेंटीमीटरभर मूळ ठेचतात. घ्यायचं ते शेवटचे दोन मिलीमीटर, रंग गडद चढलेला तेवढाच भाग. वरच्या पेशी नुसत्या लांबत असतात, विभागत नाहीत. टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. काच सरकली की सगळं फुकट.

अल्कोहोल-आम्लात 24 तास ठेवून फिक्स केलेली टोकं 70 टक्के अल्कोहोलमध्ये झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली की आठवडेच्या आठवडे टिकतात. रोज कांदा लावत बसायला कोणी सांगितलंय?

वरणभात
मूळ प्रश्न राहू द्या, मला वेगळाच राग आहे. मराठी शाळांत दाखवतात त्या फिल्म बहुतेक हिंदी संहितेवरून मराठीत आणलेल्या, आणि करणाऱ्याला वाटतं की शब्द सारखाच दिसतोय, राहू दे. हिंदीत कोशिका म्हणजे आपली पेशी. आणि हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू! स्नायू शब्द तर हिंदी शालेय पुस्तकात अस्थिबंधासाठी. म्हणजे 'स्नायू दोन हाडांना जोडतो' असं वाक्य मराठी आवाजात ऐकू येतं आणि मुलगा वहीत उतरवून घेतो. ऊतक-ऊती (टिश्यू), तंत्रिका-चेता (नर्व्ह) ही भानगड आणखी वेगळी.

पाणकणीस
यावर सोपा उपाय आहे. मसल, टिश्यू, मायोसिस म्हणा. सेमी इंग्रजीत विज्ञान इंग्रजीतच असतं. मायोसिससाठी अर्धगुणसूत्री विभाजन हा शब्द उच्चारेपर्यंत पश्चावस्था संपते.

वरणभात
वा! म्हणजे भाषांतर करणाऱ्याचा आळस आणि शिक्षा भाषेला. अर्धगुणसूत्री म्हटलं की गुणसूत्रं निम्मी होतात हे शब्दातच कळतं. मायोसिस आणि मायटोसिस यांत मुलं जन्मभर गोंधळतात, डॉक्टर झाली तरी.

पाणकणीस
आणि मायटोसिसला 'सूत्री विभाजन' म्हणतात, त्या 'सूत्री'मधून काय कळतं? तेरा सूत्री कार्यक्रम? अकरावीत गेल्यावर हीच मुलं आ वासून बसतात, त्याचं काय?

वरणभात
अकरावीची सोय म्हणून दहावीत न समजता पाठ करायचं? धन्य आहे. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहायला खडू किती झिजतो?

पाणकणीस
बरं, शेजारी लिहा. स्नायूचं मात्र मान्य, तो घोळ गंभीर आहे. पाठ्यपुस्तकातला शब्द ऐकू येत नसेल तर फिल्म मूक करून आपणच बोलावं.

खडूफळा
धागा कुठे निघाला होता आणि कुठे पोहोचला. पण मूक करण्याचा मुद्दा पकडून ठेवा. फिल्म दाखवायचीच असेल तर आधी आवाजाशिवाय. मध्यावस्थेला थांबवा, "पुढे काय होईल ते वहीत काढा" म्हणा, तीन मिनिटं द्या, मगच पुढे. अर्ध्या वर्गाने अख्खी गुणसूत्रंच दोन टोकांना पाठवलेली असतात, प्रत्येक गुणसूत्राचे दोन जुळे धागे, म्हणजे अर्धगुणसूत्रं, वेगळी केलेली नसतात. ही चूक तिथल्या तिथे सापडते. सलग पाहणाऱ्याला सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि 40 गुणांच्या पेपरात 'नामनिर्देशित आकृती काढा' आलं की पेन हवेत.

उनाड केंद्रक
थांबवून दाखवा हे मी कधी नाकारलं? आणि काही गोष्टी काचपट्टीवर येतच नाहीत. स्नायूतले तंतू एकमेकांवरून सरकताना दाखवा बघू तुमच्या कपाटातून.

काचपट्टी
ते नाही दाखवता येणार, कबूल. पण झडपा? मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय आणा, महाधमनीत पाणी ओता. तिन्ही पाकळ्या फुगून मिटतात, पाणी खाली जात नाही. फक्त आणताना सांगा, महाधमनी मुळाशी छाटू नका, निदान दोन बोटं ठेवा. नाहीतर पाणी ओतायला नळीच उरत नाही.

पाणकणीस
आणि शाकाहारी पालकांना उत्तर तुम्ही द्या.

काचपट्टी
देईन. नाहीतर हायड्रिला ही पाणवनस्पती आहेच. कोवळं पान पाण्याच्या थेंबात, मधल्या शिरेजवळ 400 पटीवर पाहा. हरितलवकं, म्हणजे पेशीतले हिरवे कण, ओळीने फिरताना दिसतात. गार पाण्यात थांबलेली असली तर दिव्याच्या उजेडात दहा मिनिटं राहू द्या, हलायला लागतात. आयपीसवर, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगावर, फोन टेकवायचा. हात थरथरतो म्हणून बाटलीचं झाकण कापून त्याची कॉलर करायची. चाळीस सेकंदांचं चित्रण, पडद्यावर टाका, साठही जणांना दिसेल. खऱ्या वेगाचं, खऱ्या रंगाचं.

उनाड केंद्रक
म्हणजे शेवटी फिल्मच! कपाटं भंगारात काढा हे वाक्य घेतलं मागे. आनंद?

खडूफळा
अर्धा. मूक दाखवायचं तेवढं लक्षात ठेवा.

वरणभात
ते आपोआप होतं. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए केबल असते, तिच्यातून आवाज जातच नाही, आणि स्पीकरची वायर कुणालाच सापडत नाही.