शरद ऋतूतील फळांचे स्कोन आणि सोलापूरची हवा
सफरचंदाचे स्कोन (मैदा आणि बटरचे, ओव्हनमध्ये भाजलेले छोटे गोल पाव) फुगण्याऐवजी पसरतात, या तक्रारीवर बेकिंग पावडर वाढवण्याचा सल्ला दिला जातो. परंतु माझ्या मते दोष बहुधा बटरचा आणि फळातील पाण्याचा असतो. सोलापुरात ऑक्टोबरमध्येही दुपारी पारा ३० अंशांच्या वर असतो, त्यामुळे बटर मैद्यात चोळतानाच वितळते आणि त्याच्या गार कणांतील पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होऊन जे पदर सुटायला हवेत, ते सुटत नाहीत. म्हणून २५० ग्रॅम मैद्याला ६० ग्रॅम बिनमिठाचे बटर फ्रीझरमध्ये कडक करून किसणीवर किसावे, ते बोटांच्या टोकांनी रवाळ होईपर्यंतच चोळावे आणि कापलेले स्कोन भाजण्यापूर्वी २० मिनिटे फ्रीजमध्ये ठेवावेत. सफरचंदाच्या बारीक फोडी तव्यावर परतून, पाणी आटवून, पूर्ण गार कराव्यात. भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सोलापूरची डाळिंबे घालण्याचा मोह होतोच, पण त्यांचे दाणे फुटून पीठ चिकट करतात. त्यापेक्षा आटवलेला रस वरून लावणे बरे. सीताफळाच्या वाटेला तर जाऊच नये. ओव्हन २१० अंशांवर आधीच तापलेला हवा. स्कोन वाटीने कापताना वाटी फिरवू नये, कारण कडा दबल्या की स्कोन एका बाजूला कलतो.