कुंपण पाडण्याआधी: परंपरावाद्याचं म्हणणं तरी काय?

उंबरठा
मी परंपरावादी आहे म्हटलं की समोरचा धरूनच चालतो, याला बायका घरात कोंडायच्यात आणि विज्ञान नाकारायचंय. माझं म्हणणं एवढंच आहे, की बदल का हवा हे बदल मागणाऱ्याने पटवून द्यावं. इंग्रज लेखक चेस्टरटनने १९२९ साली दिलेला दाखला मला आजही पटतो. रस्त्यात कुंपण आडवं आहे. सुधारक म्हणतो, याचा उपयोग दिसत नाही, पाडू या. जाणता माणूस म्हणतो, उपयोग दिसत नसेल तर मुळीच पाडायचं नाही. ते का घातलं होतं ते शोधून या, मग बोलू.

फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी १७९३ साली सात दिवसांचा आठवडा मोडून दहा दिवसांचा केला. दशमान पद्धत, हिशेबाला सोपी. पण नऊ दिवस राबून एक दिवस सुट्टी, आणि रविवारची प्रार्थना गेली ती गेलीच. लोकांच्या ते अंगवळणी पडलं नाही. १८०६ उजाडताच नेपोलियनने ती दिनदर्शिकाच रद्द केली. शाळांचंही तेच. स्वीडनने वर्गावर्गांत टॅबलेट नेले आणि २०२३ मध्ये तिथलं सरकार पुन्हा छापील पुस्तकांसाठी पैसे देऊ लागलं.

मोकळी खिडकी
असहमत. पटवून द्यायचं ते कुणाला? स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली स्त्रियांच्या मताधिकारावर मतदान झालं. मत देणारे सगळे पुरुष, आणि त्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांनी ‘नाही’ म्हटलं. देशपातळीवरचा हक्क मिळाला १९७१ मध्ये. अपेन्झेल इनरऱ्होडन या प्रांतातल्या पुरुषांनी तर प्रांतापुरता मताधिकार द्यायला १९९० सालीही नकारच दिला. शेवटी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला आदेश काढावा लागला. ते कुंपण का घातलं होतं, हे तिथल्या बायकांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी शोधून यायचं काय राहिलं होतं? तुमच्या दाखल्यात कुंपणाच्या आत कोण अडकलंय, हा प्रश्नच येत नाही.

उंबरठा
तुमचा मुद्दा मला लागला. तिथे मी असतो तर ‘हो’ म्हटलं असतं, असं आज म्हणणं सोपं आहे. पण परंपरावाद म्हणजे बदलाला नकार, हे मी मान्य करणार नाही. ज्या राज्यात बदलाची सोय नाही त्याच्यापाशी टिकून राहण्याचीही सोय नाही, असं ब्रिटिश विचारवंत बर्कने १७९० मध्येच लिहिलंय, तेही फ्रान्सच्या क्रांतीच्या विरोधात लिहिताना. कामगारांचा आरोग्य विमा १८८३ साली जर्मनीत आणला तो तिथल्या सरकारचा प्रमुख बिस्मार्क याने, आणि त्याला कुणी पुरोगामी म्हणणार नाही.

मोकळी खिडकी
बिस्मार्कने तो समाजवाद्यांची हवा काढून घ्यायला आणला. १८७८ पासून त्यांच्या संघटनांवर आणि सभांवर बंदीही त्यानेच घातली होती. मागणी करणारे दुसरेच होते. परंपरावादी शेवटी येतो आणि नंतर श्रेय घेतो, हीच माझी तक्रार आहे.

खडू-फळा
वीस वर्षं शिकवतोय, म्हणून फक्त शाळेबद्दल. स्वीडनचं उदाहरण उंबरठा यांच्या बाजूने जात नाही. पुस्तकं जुनी आहेत म्हणून परत आली नाहीत. वाचनाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या चौथीच्या मुलांचे सरासरी गुण २०१६ मध्ये ५५५ होते, ते २०२१ मध्ये ५४४ झाले, म्हणून काळजी सुरू झाली. त्या घसरणीला टॅबलेटच जबाबदार, असंही कुणी ठामपणे म्हणू नये. मधे महासाथ होती. पाहणी करून पाऊल मागे घेणं याला मी परंपरा म्हणणार नाही. पण एक कबूल करतो. पाठांतर टाकाऊ म्हणून आम्ही जे सोडलं, त्यातलं बरंच मी गुपचूप परत सुरू केलंय. कविता तोंडपाठ असलेलं मूल तिच्या अर्थाशी जास्त वेळ झटापट करतं, हे मी वर्गात पाहतो.

पाणवठा
धर्माविषयी कुणी बोललं नाही. माझा देवावर विश्वास नाही. आई गेली तेव्हा मात्र काय करायचं, काय बोलायचं, काही सुचत नव्हतं. विधी ठरलेले होते, माणसं न बोलावता आली, त्यांनी मला हाताला धरून एकेक गोष्ट करायला लावली. ते सगळं मला नव्याने रचायला सांगितलं असतं तर मी कोसळले असते. उंबरठा म्हणतात ते कुंपण मला त्या दिवशी आधाराला लागलं.

मोकळी खिडकी
पाणवठाताई, तुमच्या आईसाठी ती माणसं आली याचं मला मनापासून बरं वाटलं. माझ्या बहिणीने धर्माबाहेर लग्न केलं. तिचं बाळ गेलं तेव्हा आमच्याकडची तशीच माणसं, तेच विधी जाणणारी, एकही आली नाहीत.