सौदीचा पाळणा आणि आमची चक्री

वैशाली, ए-103: सुट्टी लागून आठ दिवस झाले, पोरं घरात उड्या मारायलीत. दरवर्षी मामाचं गाव आणि कणेरी मठ, एवढंच होतंय. यंदा मिनीबस करून सगळे मिळून कुठं जाऊया का?

दिलीप काका, सेक्रेटरी: आधी मार्चचा मेंटेनन्स. सहा फ्लॅट बाकी आहेत. नावं टाकत नाही.

ओम, बी-204 (आईचा फोन): काकू सौदीला जाऊया!! रियाधजवळ किद्दिया म्हणून नवीन शहर बांधायलेत. तिथलं सिक्स फ्लॅग्ज पार्क 31 डिसेंबर 2025 ला उघडलं. त्यात फाल्कन्स फ्लाइट नावाचा रोलर कोस्टर आहे, 195 मीटर उंच, ताशी 250 किलोमीटर, ट्रॅक सव्वाचार किलोमीटर. सगळ्यात उंच, सगळ्यात जोरात आणि सगळ्यात लांब रोलर कोस्टर, तिन्ही एकच.

शंकर तात्या, ए-001: 195 मीटर म्हणजे किती रे? फुटांत सांग.

ओम, बी-204: 640 फूट तात्या.

विनायक, बी-302: तात्या, गोकाकचा धबधबा 52 मीटर. पावणेचार गोकाक एकावर एक ठेवा. त्या वेगानं बेळगावहून धारवाड वीस मिनिटांच्या आत.

शंकर तात्या, ए-001: परवा हत्तरगी टोलपर्यंत मला तासभर लागला.

ओम, बी-204: आणि तिथं तुवैक डोंगराचा कडा आहे, गाडी त्या कड्यावरनंच खाली जाते.

मेघा, ए-202: आई बाजूला बसल्यात, म्हणतात विचार, मधेच करंट गेला तर?

विनायक, बी-302: आजींचा प्रश्न एकदम बरोबर. आपल्या जत्रेतल्या पाळण्याला इंजिन आणि पट्टा असतोय. इथं लिनिअर मोटर आहे. साधी मोटर गोल असते, बाहेर तारांचं वाइंडिंग, आत फिरणारा रोटर. ती उभी कापून रुळावर सरळ आंथरली असं समजा, म्हणजे गोल फिरायच्या ऐवजी ती गाडीला पुढं ढकलते. करंट गेला की ढकलणं थांबलं, चढावर अडली तर गाडी उलटी मागं येते. तो हिशेब धरूनच डिझाइन केलेलं असतंय. ब्रेकला मात्र करंट लागतच नाही. कायमच्या मॅग्नेटच्या दोन रांगा, मधनं तांब्याची नाहीतर ॲल्युमिनियमची पट्टी गेली की पट्टीतच एडी करंट, म्हणजे भोवऱ्यासारखा फिरणारा करंट, तयार होतोय, तो मॅग्नेटला उलटा जोर लावतोय आणि गाडी हळू होते. घासणं नाही, झिजणं नाही, लाइट असो नसो. गाडी रुळावरनं उडत का नाही? कारण चाकं रुळाच्या वर असतात, बाजूला असतात आणि खालनंपण असतात. ते खालचं चाक अमेरिकेतल्या जॉन मिलरनं 1919 ला पेटंट केलं. त्याच्यामुळंच पुढं एवढे उभे उतार करता आले.

मेघा, ए-202: आई म्हणतात, पटलं. तरी मी बसणार नाही.

सचिन, सी-101: मला ही उंचीची चढाओढ बोअर वाटते. न्यू जर्सीतला 'किंग्डा का' कोस्टर 2005 पासून जगात सगळ्यात उंच होता, 139 मीटर. 2025 च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडला. उद्या कुणीतरी 200 मीटर करील, मग ह्याला कोण विचारतंय?

ओम, बी-204: मग डिस्नी? अबुधाबीत यास बेटावर होणारंय, 2025 च्या मेमध्ये जाहीर झालं. युनिव्हर्सल इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ काढायलंय, 2031 ला, तेपण जुन्या वीटभट्टीच्या जागेवर. आणि किद्दियातच ड्रॅगन बॉल ह्या जपानी कार्टूनचं पार्क होणारंय, मधोमध 70 मीटरचा ड्रॅगन, त्याच्या पोटातनं कोस्टर.

दिलीप काका, सेक्रेटरी: ओम, आईला फोन दे. मेंटेनन्सचं बोलायचंय.

शिल्पा अक्का, सी-303: माझी लेक जर्मनीत शिकायली, ती कालकार म्हणून गावी जाऊन आली. तिथं अणुभट्टी बांधून तयार झाली, पण लोकांचा विरोध एवढा की इंधन घातलंच नाही, 1991 ला प्रकल्प बंद. मग एका डच माणसानं ती जागा घेऊन पार्क केलं. धुराड्यासारखा कूलिंग टॉवर असतोय न्हवं, त्याच्या आतनं झोके गोल फिरत वर जातात. बाहेरच्या भिंतीवर डोंगराचं चित्र काढलंय आणि पोरं तिच्यावर चढतात.

सचिन, सी-101: अक्का, आपल्याला कैगाची अणुभट्टी जवळ पडतीय 😄

शिल्पा अक्का, सी-303: ते चालू आहे रे बाबा. तिथं झोके नकोत.

सचिन, सी-101: रुमानियात तुर्दा बघा. मिठाची खाण 1932 ला बंद पडली. मग युद्धात आसरा, नंतर चीज ठेवायचं कोठार, आणि 2010 पासून खाली आकाशपाळणा. आणखी खाली तळं, त्यात होड्या. बारा महिने 10-12 डिग्री थंड.

वैशाली, ए-103: स्वेटर घालून पाळण्यात? मे महिन्यात? आधी बुकिंग करा.

सचिन, सी-101: आणि इंग्लंडात डिगरलँड. लहान पोरं खरा जेसीबी चालवतात.

शंकर तात्या, ए-001: त्याला तिकीट?? इथं कॉलनीत रस्ता खणायला लागले की अर्धा गाव कामधंदा सोडून फुकटात बघतंय. सहा महिने झाले, खड्डा अजून बुजला नाही, ते वेगळं.

दिलीप काका, सेक्रेटरी: मी वाचलंय ते फ्रान्सचं. पुई द्यू फू पार्क. तिथं राइड नाहीतच, सगळे ऐतिहासिक देखावे. 2018 मध्ये त्यांनी सहा कावळे शिकवून ठेवले, म्हणजे कावळ्याच्याच जातीतले रुक पक्षी. सिगारेटची थोटकं उचलून पेटीत टाकली की पेटीतनं खाऊ मिळतोय. आपल्यात सी-विंगच्या जिन्यात सुक्या कचऱ्यात ओला पडतोय, त्याला किती कावळे लागतील?

सचिन, सी-101: काका, सी-विंगच का 🙏

शंकर तात्या, ए-001: माणसांनाच खाऊ ठेवा. लगेच शिकतील.

सचिन, सी-101: थांबा, एक वेगळंच सांगतो. मेक्सिकोत हिदाल्गो राज्यात एल अल्बर्तो गाव आहे. तिथल्या पार्कात रात्री माणसं पैसे देऊन खोटी अमेरिकेची बॉर्डर ओलांडतात. अंधारात, चिखलातनं, काट्यातनं पळायचं. मागनं सायरन वाजवत गाड्या, गावचीच माणसं पोलिस झालेली. खरी सीमा शेकडो किलोमीटर लांब. 2004 पासून चालू आहे.

शंकर तात्या, ए-001: आम्ही तर जन्मापासनं फुकट ओलांडतोय. दर पंधरवड्याला चंदगडला बहिणीकडं जातोय, शिनोळीला राज्य बदलतंय आणि कंडक्टर झोपलेला असतोय. फक्त कोरोनात नाक्यावर चार तास उन्हात बसवलं, तेव्हा कळलं बॉर्डर कुठं आहे.

वैशाली, ए-103: तात्या 😂 पाट्या रंगवून तुम्हीच काढा पार्क. अर्ध्या कन्नड, अर्ध्या मराठी.

शंकर तात्या, ए-001: नको बाई. पाटीवरनं काय होतंय ते मी सत्तर वर्षं बघतोय.

शिल्पा अक्का, सी-303: मला ते मेक्सिकोचं हसायला येईना. खेळ दाखवणाऱ्यांतले कितीतरी स्वतः तसे पळून गेलेले. गावात काम नाही म्हणून जात होते. आता तेच पळणं गावात राहून दाखवतात, त्यावर घर चालतंय, म्हणजे पोरांना जायला नको. आमच्या अप्पांचा भाऊ असाच दुबईला गेला, तो सोळा वर्षांनी आला. बघणाऱ्याला मजा.

(त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं ग्रुप गप्प. मग दिलीप काकांचा गुड नाइटचा गुलाब.)

विनायक, बी-302: जागे आहात का? साडेदहा वाजलेत, पण सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. इटलीत व्हेनिसच्या वर नेर्वेसा म्हणून गाव आहे. तिथं ब्रुनो फेरिन नावाच्या माणसानं 1969 ला झाडाखाली खाणावळ सुरू केली. त्याला लोखंडाचे हूक पाहिजे होते. लोहाराकडं गेला. लोहार म्हणाला, मला वेळ नाही, तूच कर. म्हणून हा वेल्डिंग शिकला. आणि हात थांबेचना. आधी झोका, मग घसरगुंडी, मग कोस्टर, असं करत चाळीसच्या आसपास खेळ एकट्यानं बांधले. एकालाही मोटर नाही. पेडल मारा, ढकला, नाहीतर वजनानं खाली या. तिकीट नाही, खाणावळीत जेवला की खेळ तुमचे. फोटोतले वेल्ड झूम करून बघितलो. सरळ नाहीत, पण पक्के आहेत.

शंकर तात्या, ए-001: जेवायला काय मिळतंय?

विनायक, बी-302: भाजलेलं मांस, सॉसेज असलं.

शंकर तात्या, ए-001: मग तिकीट काढ.

विनायक, बी-302: तात्या, उद्यमबागेत माझ्या मशीन शॉपला पंचवीस वर्षं झाली. फाउंड्रीवाल्यांचे जॉब करतोय, पंपाचे भाग, गिअरचे ब्लँक, सगळं पुण्या-बेंगळुरूला जातंय. आणि खाली आपल्या बागेतली चक्री चार वर्षं अडकून आहे. ठेकेदारानं पैसे घेतले, रंग मारला, गेला. मी रोज तिच्या बाजूनं गाडी काढतोय. आज लाज वाटली.

मेघा, ए-202: आई म्हणतात, चक्रीवर आमच्या गोधड्या वाळतात, तेवढी तरी कामाला येते.

ओम, बी-204: विनायक काका पेडलची करा ना!! चौघांनी मारली की फिरेल.

विनायक, बी-302: आधी नुसती फिरू दे. वरचा पाइप चांगला आहे, खालची बेअरिंग गेली असणार, पाणी शिरतंय तिथं. 6205 नंबरच्या बेअरिंगची जोडी शॉपमध्ये पडून आहे. झाकण लेथवर टर्न करून घेतो. बसायच्या पट्ट्यांच्या कडा घासायला पाहिजेत, पोरांच्या मांड्या सोलतात. पाय अडकेल अशी फट एकही ठेवत नाही. आणि वेग बांधून घालणार, ओम, तोंड वाकडं करू नकोस.

दिलीप काका, सेक्रेटरी: खर्च किती? कोटेशन तीन लागतात.

विनायक, बी-302: काका, कोटेशन शून्य. रविवारी सकाळी पोर्टेबल वेल्डिंग सेट आणतो. सोसायटीच्या मीटरवरनं लाइट द्या.

दिलीप काका, सेक्रेटरी: किती युनिट पडतील?

वैशाली, ए-103: काका!!

दिलीप काका, सेक्रेटरी: बरं बरं. लिहून ठेवतो फक्त.

वैशाली, ए-103: आणि मिनीबसचं? हुबळीच्या पुढं गोटगोडीचं रॉक गार्डन चालेल का? जुन्या खेड्याचे माणसाएवढे पुतळे आहेत.

सचिन, सी-101: तीनदा झालंय.

शिल्पा अक्का, सी-303: चौथ्यांदा जाऊया की. डबे घेऊन. मी कुंदा आणतो.

ओम, बी-204: काका मी ग्राइंडर धरू का रविवारी?

विनायक, बी-302: गॉगल घालून लांब उभा राहा, स्पॅनर दे. मेघा, शनिवारी रात्री चक्रीवरच्या गोधड्या तेवढ्या काढून घ्या.

मेघा, ए-202: आई विचारतात, मग वाळत कुठं घालायच्या?