अण्णांचं पित्ताशय दुर्बिणीनं लगेच काढावं काय? (खानापूर-बेळगाव)

खानापूरचं_पोरगं: मंडळी, घाई आहे. अण्णांच्या (वय 61) काल रात्री जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली, पहाटेपर्यंत तीन ओकाऱ्या. सोनोग्राफीत खडे, पित्ताशयाची भिंत सुजलेली. इथले डॉक्टर म्हणतात, आजच बेळगावला न्या, दुर्बिणीनं काढतील. मामा म्हणतात सूज असताना हात लावायचा नाही, सलाईनवर शांत करून दीड महिन्यानं बघू. अण्णांना शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे.

शहापूरची_वैनी: आमच्या सासूबाईंना असंच थांबवलं होतं. पाचव्या आठवड्यात परत कळ, परत ॲडमिट, आत सगळं चिकटलेलं. दुर्बिणीनं सुरू केलं आणि तासाभरानं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, उघडावं लागतंय. तेव्हा फसवलं म्हणून आम्ही भांडलो की त्यांच्याशी! चुकलंच आमचं.

ओटी_सिस्टर_निवृत्त: वैनी, उघडणं म्हणजे हरणं नव्हे. आतली कुठली नळी कुठली ते दिसेना झालं की शहाणा सर्जन चिरा देतो.

पोरा, मामांचं म्हणणं जुन्या वळणाचं. अंगात ताकद असेल तर पहिल्या 72 तासांत, फार तर आठवड्याभरात काढलेलं बरं. पुढं सूज घट्ट होत जाते. वेळ बघ, कळ कधी सुरू झाली ते लिहून ठेव. "दुर्बीण आहे काय" एवढंच विचारू नको, ती आता सगळीकडं आहे. सुजलेलं पित्ताशय रात्री कोण करणार, ते विचार. डोळे पिवळे किंवा थंडी वाजून ताप असेल तर खडा पित्ताच्या नळीत उतरलेला असू शकतो. मग ईआरसीपीची (तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढायची) सोय तिथंच आहे काय, हेही विचार. गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते सांग, आपल्या मनानं बंद करू नको. तोंडानं पाणीसुद्धा नको.

बीपी फार खाली गेलेल्या पेशंटला किंवा आतडी फुगून पोट नगारा झालेल्याला दुर्बीण बहुधा नको. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, तो भरला की बीपी आणखी ढासळतं, आणि कॅमेऱ्याला जागाही नसते.

निपाणी_स्टँड: माझं ॲपेंडिक्स दुर्बिणीनं झालं. टाके तीन, दुखला मात्र खांदा! गॅसमुळं म्हणे, दोन दिवसांत गेलं. संमतीपत्र कन्नडात होतं, वाचून घेतल्याशिवाय सही करू नको. 'गरज पडल्यास पोट उघडून' ही ओळ त्यात असतेच, घाबरू नको. महाराष्ट्रानं 2023 मध्ये 865 सीमागावांना महात्मा फुले योजना (मोफत उपचारांची) जाहीर केली होती. तुझं गाव यादीत आहे काय आणि ते हॉस्पिटल ती घेतं काय, फोन करून विचार. आयुष्मानचं कार्डही घे.

खानापूरचं_पोरगं: सगळ्यांचे आभार. डोळे पिवळे नाहीत, ताप 100. सर्जनशी बोलणं झालं, ते स्वतःच करणार आहेत, संध्याकाळी घेऊ म्हणाले. गाडी निघाली. मामा पुढच्या सीटवर बसलेत, फाईल मांडीवर घेऊन. अजून बोलत नाहीत.