गोल्ड विकत घेतलं तर नेमकं कोणाचं नुकसान होतं?

रात्रीचा_हीलर
मंडळी, जरा मनापासून उत्तर हवंय. आमच्या ऑनलाइन गेममधल्या गिल्डचा, म्हणजे संघाचा, मेन टँक (पुढे उभा राहून मार झेलणारा), चार वर्षं सोबत खेळतोय, त्याचं अकाउंट परवा 14 दिवसांसाठी सस्पेंड झालं. बाहेरच्या साइटवरून खरे पैसे देऊन गोल्ड, म्हणजे गेममधलं चलन, घेतलं होतं, त्याने स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. आता गिल्डमध्ये सरळ दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात बरं झालं, काढा त्याला, अर्धे म्हणतात पैसे त्याचे, तुमचं काय जातंय. माणूस चांगला आहे हो, नोकरी आहे, घरात लहान मूल आहे, रात्री जेमतेम दीड तास मिळतो आणि तो सगळा पोशन, रिपेअर, एन्चांट (शस्त्रांवरची जादू) यांच्यासाठी ग्राइंड करण्यात, तेच तेच करून गोल्ड जमवण्यात जातो, मग रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायची मोठी लढाई, कधी खेळणार? मी ऑफिसर आहे, त्याला परत घ्यायचं की नाही हे मला ठरवायचंय. नियम मोडला हे मान्य, पण नियम सोडून खरंच कोणाचं काय बिघडलं ते कोणीतरी समजावा.

बाजारभाव
मी ऑक्शन हाउसवर, म्हणजे गेममधल्या लिलावाच्या बाजारातच पडीक असतो म्हणून तेवढंच सांगतो. गेममध्ये राक्षस मारला की गोल्ड हवेतून तयार होतं, आणि रिपेअर, लिलावाची फी असल्या खर्चात ते नाहीसं होतं. हा तोल साधारण माणसं किती वेळ खेळतात यावर बसवलेला असतो. चोवीस तास न थकता चालणारे शंभर बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्राम) त्यात सोडले की एका बाजूला गोल्डचा पूर येतो म्हणून दुर्मिळ वस्तू महागतात, आणि दुसऱ्या बाजूला तेच बॉट वनस्पती आणि धातू ढिगाने आणून ओततात म्हणून त्यांचे भाव पडतात. आता नवीन खेळाडू कमावतो कशातून? वनस्पती आणि धातू विकूनच ना! म्हणजे त्याची कमाई घटली आणि त्याला हवी असलेली तलवार महागली. मग तोही शेवटी त्याच साइटवर जातो. तुझ्या टँकला दीड तास पुरत नाही, त्याचं एक कारण हेच आहे.

दुसरी_शिफ्ट
मी दोन वर्षं गोल्ड विकलंय. कोणत्या गेममध्ये ते सांगत नाही. तेव्हा हातात काम नव्हतं आणि घरात पैसे लागत होते, त्यामुळे विकणाऱ्याला कोणी सरसकट चोर म्हटलं की अजून लागतं.

काम कसं असायचं सांगतो. एका गुहेत धातूच्या तीन खाणी, साधारण सहा मिनिटांनी परत उगवायच्या. पहिली, दुसरी, तिसरी, परत पहिली. दहा तास. बाजूला दुसरी विंडो उघडी, त्यात दुसरं कॅरेक्टर. झोपेतही तो खाण फुटल्याचा टण्ण आवाज ऐकू यायचा. गिऱ्हाइकाला गोल्ड थेट मेल केलं तर पकडलं जातं म्हणून त्याला सांगायचं की एखादी फालतू वस्तू लिलावात पाच हजाराला लाव, मी विकत घेतो. एका गिऱ्हाइकाने एकदा मोडका बाण लावला होता. कंपन्या नेमके असलेच व्यवहार शोधतात, तुमचा टँक बहुतेक तसाच सापडला असणार.

आणि पैसा जातो कुठे? 2007 साली चीनमधल्या नानजिंगच्या एका गोल्ड फार्मवर मोठी बातमी आली होती. पोरं रोज 12 तास, आठवड्याचे सातही दिवस. 100 नाण्यांमागे पोराला 10 युआन, म्हणजे साधारण सव्वा डॉलर, मालकाला 3 डॉलर किंवा थोडे जास्त, आणि तीच नाणी अमेरिका युरोपातला खेळाडू 20 डॉलरपर्यंत देऊन घ्यायचा. पोराची मजुरी पडायची तासाला 30 सेंटच्या आसपास. मी वाचलं तेव्हा माझा हिशोब मांडून बघितला, आकडे वेगळे होते पण वाटणी तीच. सगळ्यात जास्त मधल्या साइटवाल्याला.

वर लोकांचा राग परत त्या मजुरावरच. व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं ओल्ड स्कूल रूनस्केप या गेममध्ये ग्रीन ड्रॅगन मारून गोल्ड विकायची, घर चालवायला. 2017 मध्ये काही खेळाडूंनी त्यांना ओळखून मारायचं कसं याची गाइड लिहिली होती! विकत घेणाऱ्यांविरुद्ध तशी गाइड मी कधी पाहिली नाही. म्हणून मला विचाराल तर टँकला काढू नका, पण त्याने काय विकत घेतलं हे त्याला कळू द्या.

कुंपणावरचा
मला यातला दुटप्पीपणा खटकतो. कंपन्या स्वतःच गोल्डच्या बदल्यात देता येणारा गेम टाइम विकतात की! ईव्ह ऑनलाइनमध्ये 2008 पासून प्लेक्स आहे, रूनस्केपने 2013 मध्ये बाँड आणले, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2015 मध्ये टोकन काढलं, 20 डॉलर द्या, टोकन लिलावात टाका, गोल्ड घ्या. मग टँकनेच काय पाप केलं?

बाजारभाव
@कुंपणावरचा फरक आहे रे. टोकनमध्ये नवीन गोल्ड तयार होत नाही, एका खेळाडूने कमावलेलं दुसऱ्याकडे जातं आणि गोल्ड देणाऱ्याला महिनाभराचा गेम टाइम मिळतो. बॉटवाल्याचा माल त्यात लागत नाही असं नाही, त्यालाही गेम टाइम हवाच असतो, पण निदान पैसे देणाऱ्याचं कार्ड चोराच्या हातात जात नाही. बाकी अधिकृत झालं म्हणून सगळं चांगलं असं मीही म्हणणार नाही. डायब्लो 3 मध्ये 2012 ला खऱ्या पैशांचं ऑक्शन हाउस आणलं आणि मार्च 2014 मध्ये बंद केलं, कारण राक्षस मारून वस्तू मिळवण्यातली मजाच निघून गेली. लोक खेळायच्या ऐवजी खरेदी करून मोकळे होत होते.

तीन_कॅरेक्टर
कोणाचं नुकसान झालं विचारतोयस ना, माझं झालं. एका सकाळी लॉगिन केलं तर तिन्ही कॅरेक्टर नुसत्या अंतर्वस्त्रात उभी. चिलखत, घोडे, बँक, सगळं दुकानदाराला विकून गोल्ड बाहेर काढलेलं. गिल्ड बँकेची परवानगी माझ्याकडे होती म्हणून तीही साफ, म्हणजे 40 माणसांची कमाई माझ्या नावावर गेली. सपोर्टने बऱ्याच वस्तू परत दिल्या पण अकरा दिवस गेले आणि तेवढ्या दिवसांत गिल्डमधले दोघं माझ्याशी बोलायचे बंद झाले, त्यांना वाटलं मीच विकलं. ते गोल्ड कुठल्या तरी साइटवर 'स्वस्त, पाच मिनिटांत डिलिव्हरी' म्हणून गेलं असणार. घेणाऱ्याला कसं कळणार ते कोणी खाणीतून काढलंय की माझ्या बँकेतून?

चोरीच्या कार्डांचंही तेच. ऑक्टोबर 2019 मध्ये वाल्व्ह कंपनीने काउंटर स्ट्राइक या गेममधल्या, बक्षिसाच्या पेट्या उघडायच्या नव्या चाव्यांची खेळाडूंमधली खरेदी-विक्री बंद केली, तेव्हा त्यांनीच सांगितलं की बाजारात फिरणाऱ्या जवळपास सगळ्या चाव्या फसवणुकीच्या पैशांतून येत असाव्यात.

रात्रीचा_हीलर
सगळ्यांचे आभार, खरंच. दुसरी_शिफ्ट, तुझं वाचून बराच वेळ गप्प बसलो होतो. काल टँकशी फोनवर बोललो, तीन_कॅरेक्टरचं वाचून दाखवलं, तो म्हणाला हे डोक्यातच आलं नव्हतं, वाटलं कोणीतरी दिवसभर खेळून कमावतं आणि विकतं. त्याला ठेवतोय. आणि रेडची पोशन आणि रिपेअर आता गिल्ड बँकेतून द्यायचं ठरलंय, ज्यांच्याकडे वेळ आहे ते वनस्पती आणून टाकतील. पाच जण तयार झालेत, त्यातले तिघं काल त्याला काढा म्हणणारे होते.

तीन_कॅरेक्टर
छान केलंस. एक राहिलं, त्या साइटवर त्याने कार्ड दिलंय, गेमचा ईमेल दिलाय, आणि पासवर्ड तोच दुसरीकडे वापरत असेल तर आजच बदलायला सांग, ऑथेंटिकेटर (लॉगिनला दुसरा कोड मागणारी सोय) लावायला सांग, आणि सस्पेन्शन संपेपर्यंत त्याच्याकडची गिल्ड बँकेची परवानगी काढून ठेव. राग म्हणून नाही, माझ्याकडे ती होती म्हणूनच 40 जणांचं गेलं.