मराठीच्या तासाला मुलांचा ब्लॉग असावा की नसावा?

खडूफळा (धागा सुरू केला)

नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवते. दरवर्षी 'पावसाळ्यातील एक दिवस' तपासताना मला माझी मुलं वहीत सापडायचीच नाहीत. ४५ वह्या, आणि पानोपानी तेच काळे ढग, तोच थुईथुई नाचणारा मोर. ज्या मुलांनी आदल्याच आठवड्यात बापाबरोबर कांदा साठवायच्या चाळीवर ताडपत्री ओढलेली असते, ती मोरावर लिहीत होती.

गेल्या वर्षी वर्गाचा ब्लॉग काढला. एका मुलीने उन्हाळ कांद्याबद्दल लिहिलं. त्यातलं एक वाक्य असं: "आईने गोल्टी वेगळी काढली आणि आम्ही चाळ भरली." चार दिवसांनी रत्नागिरीकडच्या कुणी तरी खाली विचारलं, "गोल्टी कोण? तुझी बहीण का?" वर्ग खूप हसला. मग ती मुलगी वही घेऊन बसली, दोनदा खोडलं, आणि लिहिलं: "गोल्टी म्हणजे लिंबाएवढा बारका कांदा. तो मोठ्या कांद्यात राहिला तर फटीत बसतो, चाळीत वारा खेळत नाही आणि माल सडतो. म्हणून आईने तो आधीच वेगळा काढला."

मी वर्षानुवर्षं लाल पेनाने 'अधिक स्पष्ट करा' असं लिहीत आले, पण त्याने एकही वाक्य असं सुधारलं नव्हतं. बाई तपासणार म्हणून मूल लिहितं तेव्हा ते मार्कांसाठी लिहितं. ज्याला गोल्टी माहीत नाही असा माणूस वाचणार म्हटल्यावर ते सांगायला लागतं. म्हणून मराठीच्या तासाला ब्लॉग हवाच, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

आठवीची आई

बाई, गोल्टीचं वाचून बरं वाटलं. तरीही माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे.

माझ्या मुलाच्या शाळेतही असा ब्लॉग आहे. वडिलांचं काम सुटलं, त्या महिन्याबद्दल त्याने लिहिलं. बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि देवळामागे बसून खायचे, हे त्याने पाहिलं होतं, तेच लिहिलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर खरं लिहिलं. शिक्षकांनी कौतुकाने वर टाकलं. दोन दिवसांत ते आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होतं. ह्यांनी आठवडाभर मुलाशी नीट बोलणं टाकलं होतं. मुलाला वाटलं, आपण काही तरी पाप केलं.

तेव्हापासून तो पुन्हा मोरावर लिहितो.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. आमच्याकडून जूनमध्ये प्रवेशाच्या फॉर्मवर एक सही घेतली होती, बस. कशावर सही केली ते मलाही कळलं नव्हतं. वही बंद करता येते, बाई. हे बंद होत नाही.

वेलांटी

वरच्या ताईंचं दुःख मोठं आहे, पण ब्लॉग बाहेरच्या कुणाला दिसणारा नसला तरी माझा आक्षेप राहतोच. मी २२ वर्षं मराठी शिकवतोय. मुलं फोनवर इंग्रजी अक्षरं बडवतात, कीबोर्ड दोन-तीन शब्द सुचवतो, त्यातला पहिला उचलतात. 'आणि'ची वेलांटी पहिली आणि 'पाणी'ची दुसरी, हे मुलाने ठरवलेलंच नसतं. 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' पडला तर डोंगराच्या ठिकाणी समुद्र येतो, तरी त्याला पत्ता नसतो. शिवाय दहावीच्या कुमारभारतीत ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत २४ गुण उपयोजित लेखनाला, म्हणजे पत्र, जाहिरात, निबंध वगैरेंना आहेत, आणि ते सगळं हाताने लिहायचं असतं. ज्या मुलाची बोटं पानभर लिहून दुखतात, त्याचं मी काय करू?

आणि घरून लिहून आणलेला लेख मुलाचा, की ताईचा, की एआयचा, हे कसं ओळखायचं?

रविवारची शाळा

मी अमेरिकेत रविवारी मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुलांचं लिखाण पाच ओळींचं असतं. त्या ओळी पुण्यातल्या आजीने वाचल्या आणि उत्तर दिलं, तर पुढच्या रविवारी सात होतात. आमच्याकडे घराबाहेर मराठी कुठे दिसतच नाही, म्हणून मला तरी हा मार्ग सोडवत नाही.

खडूफळा

@वेलांटी सर, पहिला खर्डा वर्गातच होतो, वहीत, हाताने, माझ्यासमोर. त्यामुळे लेख कुणाचा हा प्रश्न येत नाही. मग संगणक कक्षात दोघं एका यंत्रावर बसतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. कीबोर्ड देवनागरीच, ज्यात दोन्ही वेलांट्यांची बटणं वेगळी आहेत. "पहिली का दुसरी?" म्हणून जी भांडणं होतात ती एकदा येऊन ऐका. शुद्धलेखनावर एवढं बोललेली मुलं मी पूर्वी पाहिलेली नाहीत.

@आठवीची आई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझ्याकडे अजून उत्तर नाही.

भित्तिपत्रक

वाचक हवा हे पटलं, पण तो अख्खं जग कशाला? १९२०च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावी सेलेस्तँ फ्रेने नावाच्या शिक्षकाने वर्गात लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं आपला मजकूर अक्षराचा एकेक खिळा जुळवून छापायची. ते कागद पार फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेत जायचे आणि तिकडच्या मुलांचे इकडे यायचे. एक शाळा, दुसरी शाळा, मध्ये टपाल. आपल्याकडेही शाळांत हस्तलिखितं निघतातच. त्यातलं एक पोस्टाने दुसऱ्या जिल्ह्यात पाठवून बघा, विजेचीही गरज नाही. आमच्या पाड्यावर घरात एकच फोन असतो आणि तो दिवसभर बापाबरोबर रानात. लॉकडाउनमध्ये काय झालं ते आम्ही विसरलेलो नाही.

आठवीची आई

हे मला चालेल. पण कुठला लेख बाहेर जायचा आणि कुठला नाही, हे मुलाला विचारा, आणि तेही आठ दिवसांनी पुन्हा एकदा. लिहितानाच्या भरात मूल हो म्हणतं. आणि त्याने परत मागितला तर त्याच दिवशी द्या. माझ्या मुलाचा लेख काढा म्हणून मी तीन अर्ज दिलेत. तो अजून तिथेच आहे.

खडूफळा

आठ दिवसांचं मी उद्यापासूनच लागू करते. ब्लॉगला पासवर्डही लावते.

मात्र एका गोष्टीवर मी अडून आहे. शेजारच्या गावच्या शाळेशी देवाणघेवाण करून भागणार नाही, कारण तिथे गोल्टी सगळ्यांना माहीत आहे. मला असा वाचक हवा, ज्याला आमचे शब्द अडतील. कोकणात किंवा विदर्भात नववीला शिकवणारं कुणी हे वाचत असेल तर निरोप टाका. पोस्टाने म्हणालात तर पोस्टाने. आमच्याकडून कांदा, द्राक्षाची छाटणी आणि टँकरची वाट बघणं येईल. तुमची मुलं कशावर लिहितात?