मॉरिस मायनरचा हीटर बंदच होत नाही, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, रत्नागिरीहून लिहितोय. बाबांची १९६० सालची मॉरिस मायनर, ९४८ सीसी, अजून चालती ठेवली आहे. तिच्या हीटरचा कॉक (इंजिनचं गरम पाणी हीटरकडे सोडणारी तोटी) सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला बसतो, बॉनेट उघडून हाताने फिरवायचा. तो उघडाच जाम झालाय. खाऱ्या हवेने स्पिंडलवर (कॉकच्या फिरणाऱ्या दांड्यावर) हिरवट पांढरा थर चढलाय, दोनदा तेल सोडून रात्रभर ठेवलं तरी जागचा हलत नाही. जोर लावायची भीती वाटते, कारण कॉक धरून ठेवणारे हेडमधले स्टड (आटे असलेले खिळे) तुटले तर काम वाढेल.

ब्लोअर बंद असला तरी गरम पाणी हीटरमधून फिरत राहतं. एप्रिलच्या दुपारी पावसला जाऊन आलो तर पाय भाजल्यासारखे झाले. आई तर आता गाडीत बसायला तयार नाही, आणि ते मला फार लागलंय.

गॅरेजवाले म्हणतात, कॉक काढून तिथे पत्र्याची प्लेट गॅस्केटसकट बसवा आणि खालच्या होजकडे जाणारं तोंड बंद करा. पण आंबा घाट चढताना इंजिन तापलं की हीटर सुरू केल्यावर तापमानाचा काटा खाली येतो, पावसाळ्यात काचेवरचं धुकंही त्यानेच जातं. म्हणून कायमचा बंद करायचा नाहीये.

कुणी असा कॉक न तोडता सोडवलाय का? नाहीतर होजमध्ये साधा पितळी बॉल वॉल्व्ह टाकला तर चालेल का? कोल्हापूरपर्यंत कुठेही यायची तयारी आहे.